सोळा रविवार, अकरा शर्यती

पत्र (थोडं कापून):

"ताई, मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय २२, दहा किमी आणि हाफ मॅरेथॉन पळते. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या तालुक्याच्या रेसला दहा किमी ३८:४० मध्ये मारलं, पहिला नंबर, गावात बॅनर लागलं. मग काय झालं काय माहीत, नोव्हेंबरात चाळीसच्या वर, डिसेंबरात ट्रॅकवर ४१:५०, आणि जानेवारीत हाफ मॅरेथॉनला चौदाव्या किमीला पायच उचलेनात, डिव्हायडरवर बसून घेतलं. सर म्हणतात मन कच्चं आहे तुझं. आजी म्हणते पोरले नजर लागनी. वजन ४९ चं ४४ केलं तरी पाय जड, नडगी दुखते, तीन महिने पाळी नाही, पण सिनियर म्हणाली पळणाऱ्या पोरींचं असं होतंच, बरंच आहे की. माझ्या वहीचे फोटो पाठवतेय. आता मार्च-एप्रिलमध्ये डबल प्रॅक्टिस करून भरून काढू का सोडून देऊ? घरात स्थळं पण बघायला लागलेत. मी संपले का?"

पोरी, तुझं पत्र मी एकदा वाचलं आणि वहीची पानं तीनदा, कारण पत्रात तू नुसती रडतेयस आणि वहीत मात्र सगळं लिहून ठेवलंयस, तारीख, अंतर, टाइम, बक्षीस, गाडीभाडं, रात्री झोप किती झाली ते सुद्धा. एवढी वही ठेवणारी पोर मनाने कच्ची, हे मला काही पटत नाही.

आधी त्या ३८:४० चं बघू, कारण तुझं सगळं दुःख तिथून मोजलं जातंय. त्या दिवसाच्या पानावर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंयस, 'फोनवर ९.६२ च दाखवलं, अॅप गंडलंय'. अॅप नाही गं गंडलेलं. आपल्याकडे गावोगावच्या रेसचं अंतर कसं मोजतात तू पाहिलंयस ना, आदल्या संध्याकाळी कोणीतरी चौकातून मोटरसायकल काढतो, मीटरवर पाच झाले की रस्त्यावर चुन्याची रेघ मारतो, तिथून परत फिरायचं, झाले दहा. त्यात शंभर-दोनशे मीटर इकडचे तिकडे सहज होतात आणि जाऊन-येऊन त्याचे दुप्पट. जीपीएस चुकतं हे मान्य, पण दोन्ही बाजूंना केळी नि कपाशी, वर मोकळं आभाळ, अशा रस्त्यावर ते चारशे मीटरने कशाला चुकेल? मग हिशोब कर. ९.६२ ला ३८:४० म्हणजे किमीला साधारण ४ मिनिटं १ सेकंद, म्हणजे पुऱ्या दहाला ४०:१२ च्या आसपास. डिसेंबरातली रेस ४०० मीटरच्या ट्रॅकवर होती, २५ राउंड, तिथे कोणाची मोटरसायकल नव्हती. तिथे ४१:५०. म्हणजे तू तीन मिनिटांनी खाली आलेली नाहीस, दीड मिनिटाने आलीयस. दीड मिनिट पण कमी नाही, मी काही लाड करत नाहीये तुझे, पण निदान जे खरंच हरवलंय तेवढंच शोधू. आणि बॅनरची लाज वाटून घेऊ नकोस, पहिला नंबर खराच होता, त्या दिवशी सगळ्याच पोरी ९.६२ पळाल्या.

आता टायमिंग वरखाली होण्याचं. अविनाश साबळेने २०२४ च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये स्टीपलचेस (३००० मीटर, अडथळ्यांवरून उड्या मारत) ८:०९.९१ मध्ये पळून राष्ट्रीय विक्रम केला आणि महिनाभराने त्याच पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या फायनलला ८:१४.१८, अकरावा. ललिता बाबरने २०१६ ला रिओ ऑलिंपिकला त्याच शर्यतीच्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम काढला, दोनच दिवसांनी फायनलला ९:२२.७४, दहावी. एक आष्टीकडचा, एक माणमधली, दोघं दुष्काळी मुलखातली, आणि दोघांचा सगळ्यात भारी दिवस नेमका सगळ्यात मोठ्या दिवशी आला नाही. तीन-चार सेकंदांचा फरक आहे तो, तुझ्या दीड मिनिटाशी त्याची बरोबरी मी करत नाही, सांगायचं एवढंच की भारी टाइम आला म्हणजे पुढच्या प्रत्येक रविवारी तोच यायला पाहिजे असं या खेळात कोणाचंच होत नाही.

पण तुझं दीड मिनिट कुठे गेलं ते तुझ्याच वहीत सापडतंय. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून जानेवारीच्या त्या रविवारपर्यंत सोळा रविवार होतात आणि तू त्यात अकरा शर्यती पळालीस. अकरा! मधल्या वाराला सरांचे इंटरव्हल, म्हणजे थांबून-थांबून जोरात मारायचे राउंड, चालूच. नोव्हेंबरात एकदा शनिवारी रात्री एसटीने सहा तास बसून गेलीस, मंदिराच्या ओट्यावर झोपलीस (झोप: ३ तास, तूच लिहिलंयस) आणि सकाळी सहाला स्टार्ट. तुझे वडील केळी लावतात म्हणतेस तर त्यांनाच विचार, एका खोडाला किती घड येतात. एकच. घड कापला की ते खोड संपतं आणि पुढचं पीक पाहिजे असेल तर पील वाढू द्यावा लागतो, पीलबागेला पण खत-पाणी आणि महिने द्यावे लागतात ना. तू ऑक्टोबरात घड काढलास आणि दर रविवारी विळा घेऊन त्याच खोडापाशी उभी राहिलीस.

यावर तू म्हणशील, ताई, बक्षीस लागतं. माहितीये. धाकट्याची फी त्यातून जाते हे तू लिहिलंयस आणि ते वाचून मी गप्प बसले जरा वेळ, कारण घरी बसून 'शर्यती कमी कर' असं सांगणं फार सोपं आहे, ज्याच्या घरात पगार येतो त्याने तर सांगूच नये. म्हणून मी पैशांचीच बेरीज केली. पहिल्या पाच शर्यतींत तुला १७,५०० रुपये मिळाले. नंतरच्या सहामध्ये ५,५००. त्या सहांचं गाडीभाडं, खाणं, एन्ट्री फी मिळून तूच ४,२०० लिहिलेत. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत अंग मोडून हातात आले १,३००. पाच शर्यतींनंतर तीन आठवडे घरी थांबली असतीस आणि जानेवारीत ताज्या पायांनी दोनच पळाली असतीस तर जास्त मिळाले असते का? मला वाटतं मिळाले असते. हे गणित वडिलांपुढे मांड, शेतकरी माणूस आहे, उत्पन्न-खर्च त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आता खरं बोलायचं ते. पाळी.

तुझ्या सिनियरने जे सांगितलं ते साफ चूक आहे आणि तिचा राग धरू नकोस, आमच्या वेळी आम्ही पण एकमेकींना हेच सांगायचो, सुटलो बाई म्हणायचो. तीन महिने पाळी नाही म्हणजे शरीराने एक खातं बंद केलंय कारण पैसे पुरत नाहीयेत. तू आठवड्याला ८० किमी पळतेस आणि खातेस काय, तर सकाळी चहा, अकराला एक भाकरी, रात्री थोडी खिचडी, आणि वर 'हलकं झालं की वेग वाढतो' म्हणून पाच किलो उतरवलेस. पळण्यात जेवढी ताकद जाते ती वजा करून बाकीच्या शरीराला काही उरतच नाही, मग ते आधी पाळी थांबवतं, मग हाडांची डागडुजी थांबवतं, झोप बिघडते, चिडचिड होते, जखमा लवकर भरत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला रेड-एस असं नाव दिलं, आणि हे पोरांना पण होतं बरं का, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी घंटा नसते. तुझी घंटा तीन महिने वाजतेय आणि सगळ्यांनी मिळून तुला सांगितलं की देवळातली आहे.

तर याच आठवड्यात डॉक्टरकडे. स्त्रीरोगवाल्या बाई असतील तर उत्तम, नाहीतर उपजिल्हा रुग्णालयात जा. त्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगतील, सगळ्यांनाच सांगतात, त्यात अपमान वाटून उठून येऊ नकोस. आईला घेऊन जा. थायरॉइड बघतील, सीबीसी करतील. सीबीसीसोबत फेरिटिन नावाची टेस्ट तू स्वतः तोंडाने माग, ती बाहेरच्या लॅबमध्ये करावी लागेल बहुतेक. हिमोग्लोबिन म्हणजे खिशातली रोकड आणि फेरिटिन म्हणजे लोहाची बँकेतली शिल्लक, खिशात बारा दिसले म्हणून डॉक्टर 'ठीक आहे' म्हणतात आणि बँक रिकामी असते, पळणाऱ्या पोरींमध्ये हे खूप सापडतं. पाळीत लोह जातं, घामातून थोडं जातं, रस्त्यावर पाय आपटून आपटून तळपायात रक्तपेशी फुटतात त्यातही जातं, आणि जोरात पळाल्यावर काही तास आतडं लोह नीट घेतही नाही. तुझं 'सपाट रस्त्यावर जिना चढल्यासारखं वाटतं' हे वाक्य वाचून माझ्या डोक्यात पहिलं तेच आलं. पण मी डॉक्टर नाही, रिपोर्टशिवाय लोहाच्या गोळ्या मेडिकलमधून आणून गिळायच्या नाहीत.

आणि आजीला म्हणावं नजर काढ, मीठ-मोहरी ओवाळ, त्याने काही बिघडत नाही, फक्त त्याच दिवशी अळिवाचे लाडू पण वळून दे.

खाण्याचं मी फार सांगत बसत नाही, आपल्या घरात सगळं आहे. पहाटे पळायच्या आधी एक केळ, पळून आल्यावर अर्ध्या तासात दूध आणि शेंगदाणा-गुळाचे दोन लाडू, अकराला एक नाही तीन भाकऱ्या, कळण्याच्या असतील तर फारच छान, ज्वारीसोबत उडीद पोटात जातो. पालेभाजी लोखंडी कढईत कर आणि वर लिंबू पिळ. 'केळ्यात लोह असतं' हे जे सगळे सांगतात ते सोडून दे, जळगाव जिल्ह्याच्या पोरीला हे सांगताना जीव खाली-वर होतो पण केळ्यात लोह अगदी नावाला असतं, केळं खायचं ते पळायच्या ताकदीसाठी. रविवारी वरण-बट्टी असेल तर तूप मोजू नकोस. आणि जेवताना चहा नाही. जेवणाला लागून घेतलेला चहा जेवणातलं लोह अडवतो, तासाभराने घे. आपल्याकडे हे सगळ्यात अवघड पथ्य आहे, मला माहितीये.

नडगीचं तू अर्ध्या ओळीत लिहिलंस आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. बोटाने दाबून बघ. पूर्ण नडगीभर, आतल्या कडेने लांबलचक दुखतंय का एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी दुखतंय? रात्री झोपेत ठणकतं का? त्या पायावर एक उडी मारल्यावर कळ येते का? एकाच जागी असेल तर ते हाड असू शकतं आणि मग पळणं आजपासून बंद, उद्यापासून नाही. १९९८ च्या हिवाळ्यात मी धुळ्याला होस्टेलवर होते, ५००० मीटर पळायचे, तेव्हा विद्यापीठाचं नाव नुसतं उत्तर महाराष्ट्र होतं. धुळ्याची थंडी तुला माहीत असेल, पारा उतरल्याच्या बातम्या पहिल्या तिथूनच येतात, तर त्या थंडीत पहाटे पांझरेच्या काठाने पळायचं आणि माझी डावी नडगी अशीच एका जागी दुखायची. मोठ्या मुलींनी सांगितलं पळून पळून मोकळं होतं. मी आंबेहळदीचा लेप लावून पाच आठवडे पळाले. मग एक्स-रे काढला तर एकदम स्वच्छ, मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी परत पळाले, आणि बारा दिवसांनी एसटीच्या पायरीवरून उतरताना कळ आली ती खालीच बसले. दुसऱ्या एक्स-रेमध्ये चीर दिसली. हाडाची बारीक चीर बऱ्याचदा पहिले कित्येक आठवडे एक्स-रेत दिसत नाही हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुला सांगतेय, एक्स-रे चांगला आला आणि दुखणं तिथेच असेल तर डॉक्टरांना एमआरआयचं विचार. माझा तो सीझन गेला, पुढचाही गेला. आणि हो, माझी पण पाळी तेव्हा पाच महिने नव्हती, ही गोष्ट नडगीशी जोडायला मला पुढची दहा वर्षं लागली.

बुटांचं पण पान पाहिलं. जूनमध्ये घेतलेले तेच चालू आहेत. आठवड्याला ८० किमी धरले तर अडीच हजार किमीच्या वर गेले ते, बूट साधारण पाचशे ते आठशे किमी चालतात. वरून फाटले नाहीत म्हणून चांगले असं नसतं, आतला फोम मेलेला असतो. पुढचं जे काही बक्षीस येईल त्यातले पहिले पैसे बुटांचे, फी नंतर. भावाला वाईट वाटलं तर माझं नाव सांग.

आता सर. सर वाईट नाहीत, तुझ्या लिहिण्यावरून तरी पोरांसाठी पहाटे साडेचारला ग्राउंडवर उभा राहणारा माणूस वाटतो, फुकटात. पण त्यांच्या हातात एकच औषध आहे आणि ते म्हणजे अजून एक राउंड. त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नकोस, वही घेऊन जा, सोळा-अकराचा आकडा दाखव, नोव्हेंबरपासून सकाळी उठल्या-उठल्या तुझी नाडी ५२ ची ६१ झालीय हे दाखव (तू स्वतः लिहिलंयस आणि स्वतःच विसरलीस). पाळीचं त्यांना तोंडाने सांगणं जड जात असेल तर सांगू नकोस, 'डॉक्टरांनी सहा आठवडे जोरात पळायचं नाही म्हणून लिहून दिलंय' एवढं बास. कागद दाखव. आपल्याकडे पोरीच्या शब्दापेक्षा डॉक्टरच्या कागदाला जास्त मान आहे, मग वापरायचा की तो कागद. त्यावरही ते म्हणाले की मन कच्चं, तर सहा आठवडे ग्राउंडवर जायचंच नाही, घराच्या मागे पाटाच्या रस्त्याने चालायचं.

मार्च-एप्रिलमध्ये डबल प्रॅक्टिस, हे वाचून मला हसू आलं आणि राग पण. कुठे राहतो आपण? एप्रिलमध्ये जळगावचा पारा ४३-४४, मेमध्ये त्याच्याही वर, सकाळी साडेसातला डांबर तापायला लागतं. उन्हात त्याच वेगाला हृदय जास्त पळतं कारण रक्त कातडी गार करायला पण लागतं, त्यामुळे उन्हाळ्यात घड्याळाच्या मागे लागलीस की रोज हरणार आणि रोज वाटणार मी संपले. उन्हाळा हा आपल्याकडे हळू पळायचाच काळ आहे. डॉक्टर हो म्हणाले की आधी दोन आठवडे फक्त चालणं आणि सायकल, मग एक मिनिट पळ एक मिनिट चाल, मग बोलत-बोलत पळता येईल एवढ्याच वेगाने, पहाटे पाचला सुरू आणि साडेसहाच्या आत घरी. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात, तेवढे दिवस घड्याळ घरी ठेव. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततात तेव्हा डांबराच्या कडेने हळूहळू किमी वाढव, वेगाचं काम ऑगस्टच्या शेवटाशिवाय नको. आणि ऑक्टोबर ते जानेवारीत पाच शर्यती, जास्तीत जास्त सहा, बक्षीस मोठं आणि गाडीभाडं कमी बघून निवडलेल्या, दोन शर्यतींच्या मध्ये निदान दोन रविवार रिकामे. त्यातली एक तरी मोजलेल्या ट्रॅकवर, म्हणजे खरा आकडा हातात राहील. पाळी परत आली नाही तोपर्यंत यातलं काहीच सुरू करायचं नाही, हे वाक्य तू उडवून पुढे जाशील म्हणून परत लिहिते, पाळी परत आली नाही तोपर्यंत नाही.

स्थळांचं तू मला विचारलेलं नाहीस, नुसतं शेवटी टाकलंयस. पळायचं म्हणून लग्नाला नाही म्हणायचं का, हे वर्षभराने ठरव. पण पळणं संपलं म्हणून हो म्हणू नकोस, कारण पळणं संपलेलं नाही, तुला भूक लागलीय आणि तू थकलीयस.

त्या चौदाव्या किमीचं राहिलं. बसून घेतलंस ते बरोबर केलंस. सात किमी अजून रेटले असतेस तर मला हे पत्र तू कदाचित प्लास्टर घालून लिहिलं असतंस.

रिपोर्ट आले की फेरिटिनचा आकडा कळव, नुसतं 'नॉर्मल आलं' असं लिहू नकोस, आकडा लिही. जुने बूट शेतात जायला ठेव. आणि वहीत त्या ऑक्टोबरच्या पानावर 'अॅप गंडलंय' खोडून अंतर ९.६२ असं पेनाने लिहून टाक.